तान्ह्या पोळ्याची झूल

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओ ऐकताना आत्ता तुमच्यापैकी कुणी भाजी निवडत असेल, कुणी कपड्यांच्या घड्या घालत असेल. आणि कुणाच्या तरी हातात क्रोशाची सुई नक्की असेल. क्रोशा आणि रेडिओ यांचं फार जुनं सख्य आहे. डोळे हातावर, कान मोकळे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी मे महिन्याच्या दुपारी पारा ४५च्या पुढे गेलेला असायचा, गल्लीत चिटपाखरू नसायचं. जेवणं आटोपली की आई खिडक्यांना पडदे ओढायची, कूलर लावायची आणि रेडिओशेजारी दोऱ्याचा गुंडा घेऊन बसायची. त्या रेडिओवरही तिनेच विणलेला पांढरा रुमाल होता, चारही कोपऱ्यांत द्राक्षांचे घड असलेला. मी आठ-नऊ वर्षांची होते. तिने माझ्या हातात सुई दिली आणि म्हणाली, "आधी साखळी. हात सैल सोड, दोरा काही पळून नाही जात."

त्या उन्हाळ्यात मी नुसती साखळी घातली. घराच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली असेल. मग मुका खांब, अर्धा खांब, खांब, बुटक्या टाक्यापासून उंच टाक्यापर्यंत. एवढ्या चार टाक्यांवर जवळपास सगळं क्रोशाकाम उभं आहे. क्रोशा हा शब्द मूळचा फ्रेंच, त्याचा अर्थ छोटा आकडा. सुईच्या टोकाला असतो तो आकडा आणि त्यात अडकलेला एक फास, एवढंच एका वेळी जिवंत असतं. दोन सुयांच्या विणकामात पूर्ण ओळ सुईवर असते, सुई निसटली की पन्नास टाके सुटतात. क्रोशात एकच फास सांभाळायचा. दारावरची बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, फास जरा मोठा ओढून काम बाजूला ठेवता येतं. ज्या बाईच्या दिवसाचे तुकडे झालेले असतात, तिच्यासाठी हे काम किती सोयीचं आहे ते करणारीलाच कळतं. आणि चुकलं तर दोरा ओढायचा, भराभर उसवतं. दोरा तोच, पुन्हा नव्याने. स्वयंपाकात मीठ जास्त पडलं तर अशी सोय नाही.

गोल रुमाल विणायला घेतला की मात्र हिशोब लागतो. मुक्या खांबांनी विणायचा असेल तर सहा टाक्यांनी सुरुवात करायची आणि प्रत्येक फेरीत सहा वाढवायचे. ६, १२, १८, २४. उंच खांबांनी विणायचा तर १२, २४, ३६. या चालीने गेलं तर रुमाल टेबलावर सपाट बसतो. कमी वाढवले तर त्याची वाटी होते. जास्त वाढवले तर कडेला लाटा उठतात, झालर होते. माझा पहिला रुमाल असाच कोबीच्या पानासारखा झाला होता. आईने तो उसवू दिला नाही. "बघ, कुठे जास्त झाले ते मोज," म्हणाली. पुढे पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी मुद्दाम असे जास्त टाके वाढवत जाऊन लाटालाटांचे नमुने विणले. भूमितीतली एक वक्र पातळी विद्यार्थ्यांना समजावून सांगायची होती आणि कागदाचे नमुने फाटत होते. क्रोशाचा नमुना हातात धरता येतो, दुमडता येतो, टिकतो. माझ्या फसलेल्या रुमालात विद्यापीठात शिकवण्याइतकं गणित होतं, हे वाचून मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

याच वाढवण्या-घटवण्यातून खेळणी होतात. मुक्या खांबांचा गोल वाढवत न्यायचा, काही फेऱ्या सरळ विणायच्या, मग टाके घटवत आणायचे. चेंडू तयार. आत कापूस भरला की हत्तीचं डोकं. जपानी लोकांनी या कलेला आमिगुरुमी म्हटलं आणि आता आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलीही आमिगुरुमीच म्हणतात.

दोऱ्याबद्दल थोडं बोलते. दुकानात आपण लोकर म्हणून जे मागतो ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. खेळण्यांना, पिशव्यांना ते चांगलं. पण नागपुरात अंगावर घालायची वस्तू असेल तर सूतच घ्या. आपला मुलूख कापसाचा, एम्प्रेस मिल १८७७ साली याच गावात सुरू झाली, आणि हवा अशी की लोकरीची टोपी डिसेंबर-जानेवारीतच डोक्यावर टिकते. सुती दोऱ्याला नंबर असतो, १०, २०, ४०. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. शिकणाऱ्याने १० नंबरचाही घेऊ नये, त्याहून जाड दोरा आणि साडेतीन-चार मिलिमीटरची सुई घ्यावी, म्हणजे टाका डोळ्यांना दिसतो. मोठं काम असेल तर सगळे गुंडे एकदम घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर सारखा आहे ना ते बघा. रंग एकच असला तरी दोन लॉटमध्ये छटेचा फरक पडतो आणि तो विणून झाल्यावरच दिसतो.

आणि लाल दोरा आधी पाण्यात भिजवून बघा. हे मी पोळून शिकले आहे. एका लग्नाच्या रुखवतासाठी मी तोरण केलं होतं, पांढऱ्यावर लाल फुलं. साबुदाण्याची खळ लावून, टाचण्यांनी पाटावर ताणून वाळवायला ठेवलं. सकाळी बघते तर सगळं गुलाबी. लग्न चार दिवसांवर. दोन रात्री जागून दुसरं केलं. तेव्हापासून प्रत्येक नव्या रंगाचा हातभर दोरा पांढऱ्या फडक्यात ओला करून दाबून ठेवते.

आता विकण्याविषयी. खरं तर आज मला यावरच बोलायचं होतं.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे घेतात. माझ्या नातवाच्या नंदीला मी क्रोशाची झूल केली. भगवा आयत, हिरवी कड, चार कोपऱ्यांना गोंडे, पाठीवर पिवळ्या दोऱ्याचं फूल. ती बघून कॉलनीतल्या बायकांनी पुढच्या वर्षी बारा झुली मागितल्या. किंमत विचारली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "द्या शंभर-सव्वाशे, हौस म्हणून करते." शेवटी १२० ठरले. एका झुलीला साडेचार तास लागले, दोरा ४५ रुपयांचा. उरले ७५. म्हणजे तासाला सतरा रुपयेसुद्धा नाही. बारा झुलींचे ५४ तास, आणि हाती आले ९०० रुपये. पैसे कमी मिळाले याचं दुःख नव्हतं. शेवटच्या तीन झुली विणताना मला सुई हातात घ्यावीशी वाटेना, त्याचं फार वाईट वाटलं. आठव्या वर्षापासून ज्या कामाने मला कधी थकवलं नाही, ते मला नकोसं झालं होतं.

पुढच्या वर्षी मी वहीत वेळ लिहायला लागले. हात बसल्यामुळे झूल तीन तासांत होऊ लागली होती. तासाचे ६० रुपये धरले, ते झाले १८०. दोरा ४५, गोंड्यांची जर आणि पिशवी मिळून २५. किंमत २५०. सात गेल्या. पण सात झुलींचे मजुरीचे १,२६० रुपये आले, २१ तासांत. पाच बायकांनी घेतल्या नाहीत, आणि त्यातल्या कुणाचं-माझं बोलणं बंद झालं नाही.

"हौस म्हणून करते" हे वाक्य आपण बायका फार पटकन बोलतो. ते खरंही असतं. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की या बाईच्या वेळेला किंमत नाही. आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर नावाचं गाव आहे. मिशनऱ्यांमुळे तिथे एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस पोचली. तिथल्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, इतकं ते काम सुंदर आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या त्या बायकांची मजुरी नगावर ठरत आली, मध्ये दलाल, आणि त्यांच्या दिवसभराच्या कामाला म्हणायचं काय, तर फावल्या वेळातलं काम. उलट आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला, तेव्हा कॉनव्हेंटमधल्या जोगिणींनी शिकवलेल्या क्रोशाच्या लेसवर कितीतरी कुटुंबं जगली. तिथे कुणी याला फावल्या वेळाचं म्हटलं नसेल.

आणखी एक गोष्ट, जी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. स्वेटर यंत्रावर विणला जातो. क्रोशा आजही हातानेच होतो. यंत्राच्या ज्या लेस क्रोशा म्हणून विकल्या जातात त्यांचा टाका वेगळा असतो, उलटून पाहिलं की कळतं. तेव्हा मोठ्या दुकानात कुठे खऱ्या क्रोशाचा टॉप तीन-चारशे रुपयांत लटकलेला दिसला, तर तो कुठल्या तरी बाईने हाताने विणलेला आहे. तिला काय मिळालं असेल याचा विचार करून मी त्या हँगरजवळ थबकते.

आपल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा सिव्हिल लाइन्सला ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो, तिथे फिरून या. देशभरचे कारागीर दर कसा सांगतात ते ऐकण्यासारखं असतं. मी स्वतः लहान-लहान प्रदर्शनांत टेबल मांडते आणि तिथेच विणत बसते. नुसत्या वस्तू मांडल्या तर लोक पुढे जातात, हात चालताना दिसला तर थांबतात. एकदा एक बाई आल्या. "काय करून राहिल्या ताई? ... अडीचशे? काहून इतकी महाग? दोऱ्याचा गुंडा तर पन्नासले भेटते." मी त्यांना खुर्ची दिली, म्हटलं, बसा पाच मिनिटं. माझं पिवळं फूल अर्धं झालं होतं. त्या बघत राहिल्या. मुका खांब, अर्धा खांब, खांब, पुन्हा अर्धा, पुन्हा मुका, एक पाकळी झाली. अशा सहा. दोरा कापला, सुईने शेपटी मागे ओवून लपवली. त्या म्हणाल्या, "एवढ्याशा फुलाले इतकं?" झूल त्यांनी घेतली नाही. जाता जाता वळून विचारलं, "शिकवता का?" आता दर शनिवारी येतात.

मुलांची खेळणी विकणार असाल तर हे ऐकून ठेवा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या विकास आयुक्त, हस्तशिल्प कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. त्या कार्यालयाचं 'पहचान' नावाचं ओळखपत्र असतं, त्यासाठी अर्ज करा. आणि तान्ह्या मुलांच्या खेळण्याला मण्यांचे किंवा बटणांचे डोळे लावू नका, ते तोंडात जातात. काळ्या दोऱ्याने भरून काढा.

दुकानात ठेवायला माल देत असाल तर लिहून घ्या. एका दुकानात मी विक्री झाल्यावर पैसे या बोलीवर दहा पर्स दिल्या होत्या. सहा महिन्यांनी चार परत मिळाल्या, उन्हाने विटलेल्या, बाकीच्यांचा हिशोब लागलाच नाही. नगांची संख्या, दर, तारीख, सही. वहीचं एक पान पुरतं.

एकदा चाळीस एकसारख्या कीचेनची ऑर्डर आली होती. नाही म्हटलं नाही, पण मी पंधराच करेन असं सांगितलं, बाकीच्या पंचवीस शनिवारच्या मैत्रिणींनी केल्या, त्याच दराने. आणि मी स्वतःसाठी नियम केला आहे. दोन वस्तू विकायच्या केल्या की तिसरी विकायची नाही. ती कुणाची ऑर्डर नसते, तिला तारीख नसते, तिचे तास मी वहीत लिहीत नाही.

सध्याची माझी तिसरी वस्तू म्हणजे आईचा रेडिओवरचा तो रुमाल. मूळ रुमाल जीर्ण झाला, एका कोपऱ्यातले घड तर गेलेच. नमुना कुठे लिहिलेला नाही, तिच्या डोक्यात होता. म्हणून मी भिंग घेऊन उरलेल्या घडांचे खांब मोजते आणि तसेच विणते. तीन कोपरे झालेत. चौथ्यात दुसऱ्या ओळीला दोन खांब जास्त येतायत, कुठे ते अजून सापडलेलं नाही. आज घरी गेले की पुन्हा मोजणार आहे.

नमस्कार.