मिस्सा खरी, परवानगी नाही

३० जून १९८८ रोजी स्वित्झर्लंडमधील एकोन येथील सेमिनरीच्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाच्या, आवारात चार धर्मगुरूंना बिशपपदाची दीक्षा दिली जात होती. दीक्षा देणारे आर्चबिशप मार्सेल लफेव्र तेव्हा ८२ वर्षांचे होते. जुन्या लॅटिन विधीत दीक्षेच्या आरंभी एक प्रश्न विचारला जातो, “आपल्याकडे पोपमहोदयांचे आज्ञापत्र आहे काय?” उत्तर येते, “आहे”, आणि मग ते वाचून दाखवले जाते. त्या दिवशीही “आहे” असेच उत्तर आले. मात्र जो कागद वाचला गेला तो पोपमहोदयांनी पाठवलेला नव्हता. परंपरेशी एकनिष्ठ असलेल्या रोमन ख्रिस्तसभेकडूनच आम्हाला ही आज्ञा आहे, असा त्याचा आशय होता. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ही दीक्षा देऊ नये म्हणून आधीच कळवले होते. लगोलग लफेव्र, त्यांना साथ देणारे ब्राझीलचे बिशप आणि नवे चार बिशप अशा सहाही जणांवर धर्मबहिष्कार जाहीर झाला.

लफेव्र यांचा सेंट पायस दहावे संघ हा धर्मगुरूंचा संघ १९७० साली फ्रिबुर्गच्या बिशपांच्या रीतसर परवानगीने सुरू झाला होता, आणि ती परवानगी १९७५ मध्ये काढून घेण्यात आली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२-६५ च्या जगभरच्या बिशपांच्या सभेनंतर, बदललेली मिस्सा (भाकरी आणि द्राक्षारस अर्पण करण्याचा कॅथलिक उपासनाविधी) या संघाला मान्य नाही. त्याचे धर्मगुरू जुन्या पुस्तकाप्रमाणे लॅटिनमध्येच मिस्सा अर्पण करतात. या बिशपांचे काय झाले, हा इतिहासाचा भाग झाला. आपला प्रश्न मागच्या बाकावर बसलेल्या माणसाचा आहे: अशा मिस्साला कॅथलिकाने जावे का, आणि गेल्यास रविवारी मिस्सात सहभागी होण्याचे त्याचे कर्तव्य पार पडते का?

या प्रश्नाची गाठ सोडवायची तर दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. धर्मगुरूची दीक्षा खरी असेल, भाकरी आणि द्राक्षारस योग्य असेल, शब्द आणि हेतू ख्रिस्तसभेचेच असतील, तर मिस्सा खरी ठरते. मग त्या धर्मगुरूला तेथे उभे राहण्याची परवानगी असो वा नसो. परवानगी नसताना अर्पण केलेली मिस्सा खोटी नसते, नियमबाह्य असते. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे १२४८ वे कलम भाविकाबाबत एवढेच सांगते की, रविवारी किंवा आदल्या संध्याकाळी कॅथलिक विधीने होणाऱ्या मिस्सात जो कुठेही सहभागी होतो, त्याचे कर्तव्य पार पडते. मात्र ‘कॅथलिक’ कोणाला म्हणायचे, हे ठरवताना मिस्सातली एक बारीक जागा कान देऊन ऐकण्यासारखी आहे. अर्पणाच्या मुख्य प्रार्थनेत पोपमहोदयांचे आणि स्थानिक बिशपांचे नाव घेतले जाते. लफेव्र यांच्या संघाचे धर्मगुरू ते नाव घेतात. रोमचे सिंहासन रिकामेच आहे, असे मानणारे जे वेगळे गट आहेत, ते पोपमहोदयांचे नाव घेत नाहीत. दोन्ही वेद्यांवरचे लॅटिन आणि उदबत्तीचा धूर सारखाच असला, तरी त्या एका नावाने फरक पडतो.

मुंबईकर कॅथलिकांना हा पेच मुळीच परका वाटू नये. बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला गर्दी होते त्या माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १८५३ साली रोमने पाठवलेले बिशप अनास्टासियस हार्टमन यांनी स्वतःला कोंडून घेतले होते, आणि गोव्याच्या आर्चबिशपांना मानणाऱ्या लोकांनी बाहेरून पंधरा दिवस वेढा दिला होता. अखेर सरकारने हस्तक्षेप केला आणि चर्च गोव्याच्या पक्षाकडे गेले. एका बाजूला पोर्तुगालच्या राजाच्या हक्काने नेमलेले पाद्रोआदोचे धर्मगुरू होते, तर दुसऱ्या बाजूला थेट रोमने पाठवलेले. आत आणि बाहेर एकाच मिस्साचे एकच लॅटिन शब्द होते. भांडण होते ते या धर्मगुरूला कोणी पाठवले याचे. मुंबईतली ही दुहेरी सत्ता १९२८ पर्यंत चालली. त्या काळातल्या घराघरांत रविवारी कोणत्या चर्चची पायरी चढायची, हा श्रद्धेइतकाच निष्ठेचाही प्रश्न होता.

लफेव्र यांच्या संघाकडे जाणाऱ्या सामान्य माणसांशी रोम त्यांच्या पुढाऱ्यांपेक्षा बरेच सौम्यपणे वागले, असे मला वाटते. हवाई बेटांतील होनोलुलूच्या बिशपांनी १९९१ मध्ये संघाशी संबंध ठेवल्याबद्दल सहा भाविकांवर धर्मबहिष्कार घोषित केला. दोन वर्षांनी, कार्डिनल रात्सिंगर प्रमुख असलेल्या रोमच्या श्रद्धाविषयक मंडळाने तो टिकणारा नाही असे ठरवले. संघाच्या चर्चमध्ये जाणे म्हणजे आपोआप फुटून निघणे नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. पण म्हणून मोकळे रान मिळाले असेही नाही. पुढे हेच रात्सिंगर पोप सोळावे बेनेडिक्ट झाले, त्यांनी २००९ च्या जानेवारीत हयात असलेल्या चारही बिशपांवरचा बहिष्कार उठवला, आणि मार्चमध्ये जगभरच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात या संघाचे धर्मगुरू ख्रिस्तसभेत कोणतीही अधिकृत सेवा बजावत नाहीत, असे निःसंदिग्धपणे नमूद केले.

अधिकृत सेवा नसण्याचा खरा चटका मिस्सात नव्हे, कुमसारात (धर्मगुरूपाशी पापांची कबुली देण्यात) आणि लग्नात बसतो. पापक्षमा द्यायला नुसती दीक्षा पुरत नाही, अधिकार लागतो, आणि लग्नाला अधिकार असलेला साक्षी लागतो. तो नसेल तर, अपवाद वगळता, संस्कारच घडत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये आपण जाहीर केलेल्या ‘दयेच्या वर्षा’पुरती या धर्मगुरूंकडची पापक्षमा ग्राह्य ठरवली आणि २०१६ च्या नोव्हेंबरात ती सवलत पुढे चालू ठेवली. २०१७ साली बिशपांना मुभा मिळाली की, संघाच्या भाविकांच्या लग्नात वधूवरांची संमती शक्यतो धर्मप्रांताच्या धर्मगुरूने घ्यावी, मिस्सा संघाच्या धर्मगुरूने अर्पण करावी, आणि तसे जमत नसेल तर बिशपांनी त्यालाच तो अधिकार द्यावा.

रविवारच्या मूळ प्रश्नावर सर्वांत उघड उत्तर मिळाले ते १८ जानेवारी २००३ च्या एका पत्रात. १९८८ च्या फुटीनंतर नेमलेल्या पोपमहोदयांच्या आयोगाचे सचिव मॉन्सिन्योर कामिय पेर्ल यांनी एका भाविकाला ते लिहिले होते. काटेकोर अर्थाने संघाच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पार पडते, असे त्यांनी मान्य केले. पोपमहोदयांपासून वेगळे होण्याची इच्छा दाखवायला जात असाल तर ते पाप आहे, निव्वळ भक्तीपोटी जुन्या विधीच्या मिस्सात सहभागी होत असाल तर ते पाप नाही. तथापि आम्ही तिथे जाण्याची शिफारस करू शकत नाही. घरातले वडील ‘जा’ म्हणत नाहीत आणि दारही लावून घेत नाहीत, तसला हा सूर आहे. त्या भाविकाने आणखी एक व्यवहाराचा प्रश्न विचारला होता: मिस्साच्या वेळी फिरणाऱ्या थैलीत पैसे टाकावेत का? आयोगाचे उत्तर असे होते की, थोडीशी वर्गणी समर्थनीय ठरू शकेल.