एकच चेहरा : आधी लेक, मग आई

(दृश्य : प्राचीन ग्रीक नगरी मायसिनीचे दगडी अवशेष. फक्त वाऱ्याचा आवाज.)

राजा आगामेम्नॉन दहा वर्षांनी ट्रॉयची लढाई जिंकून घरी आलाय. न्हाणीघरात शिरतो, आणि अंगावर जाळं येऊन पडतं. त्याची राणी क्लायटेम्नेस्ट्रा आणि तिचा प्रियकर मिळून त्याला संपवतात. एक शब्दही न बोलता हे सगळं घडतं.

हा १९६२ सालचा सिनेमा ‘इलेक्ट्रा’. दिग्दर्शक मायकेल काकोयानिस, सायप्रसमध्ये जन्मलेला ग्रीक. नाटक युरिपिडीसचं, जवळपास चोवीसशे वर्षांपूर्वीचं. नाटकाचा पडदा उघडतो तो खुनानंतर कितीतरी वर्षांनी, एका गरीब शेतकऱ्याच्या झोपडीसमोर. काकोयानिस मात्र आपल्याला आधी न्हाणीघरात नेतो. बापाचं मरण एकदा डोळ्यांनी पाहिलं, की आपण त्याच्या मुलीच्या, इलेक्ट्राच्या बाजूचे झालेलोच असतो.

(दृश्य : माळरान. काळ्या वस्त्रांतल्या बायका.)

ती मुलगी झालीय अभिनेत्री इरीन पापास. कॉरिंथजवळच्या खिलिओमोदी गावची. कातरलेले केस, जाड भुवया, आणि पापणी न हलवता रोखून पाहणारे डोळे. प्राचीन अथेन्समध्ये स्त्रियांच्या भूमिका पुरुष करायचे, तेही मुखवटा चढवून. हजारो प्रेक्षकांतल्या कुणालाही इलेक्ट्राचा चेहरा कधी दिसलाच नव्हता. सिनेमानं या कथेला पहिल्यांदा काही दिलं असेल, तर तो हा चेहरा.

इलेक्ट्रा भावाच्या हातून आईचा खून घडवते. मरण्याआधी आई आपली बाजू मांडते, थोरल्या मुलीचं नाव घेते : इफिजिनिया. पण आपण ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. मीही पहिल्यांदा पाहताना ते नाव कानाआड केलं होतं.

(दृश्य : काळा पडदा. मिकिस थिओडोराकिसचं संगीत.)

१९६७ साली ग्रीसमध्ये लष्करानं सत्ता बळकावली. ‘इलेक्ट्रा’चा संगीतकार थिओडोराकिस याला अटक झाली, त्याच्या संगीतावर बंदी आली. काकोयानिस आणि पापास मायदेशाबाहेर राहिले. म्हणून १९७१चा ‘द ट्रोजन विमेन’ स्पेनमध्ये, इंग्रजीत चित्रित झाला. जळलेलं ट्रॉय शहर, आणि वाटून घेतल्या जाणाऱ्या बंदिवान बायका. ज्या हेलनपायी हे युद्ध पेटलं असं सगळे म्हणतात, ती हेलन इथं पापासच आहे.

१९७४मध्ये लष्करशाही कोसळली. तीन वर्षांनी आला ‘इफिजिनिया’. संगीत पुन्हा थिओडोराकिसचं.

(दृश्य : किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या जहाजांची लांबच लांब रांग.)

ट्रॉयची लढाई अजून सुरू व्हायचीय. ग्रीसमधला ऑलिसचा किनारा. वारा पडलाय. उन्हानं आणि भुकेनं सैन्य पेटायला आलंय. आर्टेमिस देवीचं हरीण सैनिकांनी मारलंय, आणि पुरोहित सांगतो : राजानं पोटची मुलगी बळी द्यावी, तरच वारा सुटेल. आगामेम्नॉन घरी पत्र धाडतो : पोरीला पाठव, योद्धा अखिलीसशी लग्न ठरवलंय.

वऱ्हाड घेऊन आई स्वतः येते. आणि ही आई आहे इरीन पापास! पंधरा वर्षांपूर्वी जिनं पडद्यावर क्लायटेम्नेस्ट्राला मारवलं, तीच आज क्लायटेम्नेस्ट्रा झालीय. समोर आलेल्या अखिलीसशी ती जावई समजून मायेनं बोलायला जाते. त्याला या लग्नाचा पत्ताच नसतो. दोघंही एकमेकांकडे पाहत राहतात, आणि तिथं तिला पहिली शंका येते.

इफिजिनिया झालीय तातियाना पापामोस्खू, तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांची. बापाला भेटल्यावर ती विचारते, मला लांबच्या प्रवासाला पाठवणार? आई असेल सोबत? नाही, बाप म्हणतो, एकटीच जाशील. युरिपिडीसचे हे सवाल-जवाब ऐकताना दर वेळी माझा घसा दाटून येतो. मुलगी सासरी निघाल्यासारखी बोलतेय, आणि बापाला खरा अर्थ ठाऊक आहे.

आज हाती असलेल्या नाटकात शेवटी निरोप्या येऊन सांगतो, की सुरी चालली त्या क्षणी मुलगी नाहीशी झाली आणि वेदीवर हरीण पडलेलं दिसलं. हा शेवट नंतर कुणीतरी जोडला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. काकोयानिसनं तो घेतलाच नाही, आणि मला ते शंभर टक्के पटतं. सिनेमाच्या सुरुवातीला जंगलात हरणाचा पाठलाग होतो. पुढं त्याच तऱ्हेनं, झाडांमधून, ही पोर धावते आणि मागून सैनिक. तिच्या जागी दुसरं हरीण कुठून येणार?

(दृश्य : वेदीकडे जाणाऱ्या पायऱ्या. धूर.)

वारा सुटतो. आता बळीची गरजच उरलेली नसते. आगामेम्नॉन पायऱ्यांवरून वर धावतो. वर काय झालं, ते आपल्याला फक्त त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

(दृश्य : परतीची वाट. दूर समुद्र.)

क्लायटेम्नेस्ट्राची गाडी घराकडे निघालीय. मागं जहाजं शिडं फुगवून ट्रॉयकडे चाललीत. त्याच वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येतात. ती ते बाजूला सारत नाही. केसांच्या आडून जहाजांकडे पाहत राहते.

ते न्हाणीघर आणि ते जाळं काकोयानिसनं पंधरा वर्षांपूर्वीच चित्रित करून ठेवलंय.