प्रवास कुठे तुटतो ते आधी बघा

नमस्कार श्रोतेहो.

लांबच्या प्रवासाला बिझनेस क्लासचं तिकीट काढायला बसलं की दोन पर्याय हमखास समोर येतात. एक थेट विमान, पंधरा तासांचं, महाग. दुसरा मध्ये एक थांबा घेणारा, सगळे मिळून एकोणीस-वीस तास, पण बराच स्वस्त. आपण तास बघतो, पैसे बघतो आणि दोन्हींची तुलना करत बसतो. माझं म्हणणं असं आहे की, या दोन आकड्यांवर निर्णय घेऊच नका. आधी तिसरा आकडा काढा, जो तिकिटावर कुठेच छापलेला नसतो. या प्रवासात आपल्याला सलग किती तास झोप मिळणार आहे?

बिझनेस क्लासमध्ये जेवण चांगलं असतं, लाउंजमध्ये बसायला मिळतं, सामान लवकर येतं, हे सगळं खरं. पण आपण जास्तीचे पैसे मोजतो ते मुख्यतः आडवं होता यावं म्हणून. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारी खुर्ची आणली, आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्या मोठ्या कंपन्यांनाही तेच करावं लागलं. लोकांना काय हवं होतं ते त्यावरूनच कळतं. मग पलंगाचे पैसे देऊन पलंगावर पडायला वेळच मिळाला नाही, तर त्या तिकिटाचा उपयोग काय?

सात तासांचं रात्रीचं विमान घ्या. अकराला दार बंद झालं. विमान धावपट्टीपर्यंत जाऊन वर चढेपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला. मग गरम टॉवेल आला, पेय आलं, पांढरं कापड अंथरलं गेलं, जेवण आलं. ट्रे उचलून दिवे मंद होईपर्यंत एक वाजून गेलेला असतो. दुसऱ्या टोकाला, उतरण्याच्या दीड-दोन तास आधी दिवे पुन्हा लागतात, न्याहारीचा वास येतो आणि थोड्या वेळाने खुर्ची सरळ करायला सांगतात. म्हणजे सात तासांतले झोपेला उरले तीन, फार तर साडेतीन. लाउंजमध्येच जेवून घेतलं आणि ‘मला न्याहारीला उठवू नका’ असं सांगून ठेवलं, तर पाचापर्यंत जातील.

आता अशी सात-सात तासांची दोन विमानं आणि मध्ये तीन तास लखलखीत उजेडातला विमानतळ, असा प्रवास डोळ्यांसमोर आणा. झोपेचे दोन तुकडे, आणि तेही अपुरे. त्याउलट पंधरा तासांच्या थेट विमानात जेवणखाण, थोडं वाचन, एखादा चित्रपट एवढं होऊनही सात-आठ तास सलग झोपता येतं. या तुलनेत थेट विमान इतकं पुढे आहे की परवडत असेल तर दुसरा विचार करू नये.

पण सगळेच थांबे असे मध्यावर येत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे. समजा पहिलं विमान संध्याकाळचं, साडेतीन-चार तासांचं आहे. त्यात तुम्ही जागेच असता, जेवता, उतरता, लाउंजमध्ये अंघोळ करता, आणि रात्री उशिरा बारा तासांच्या विमानात शिरता ते थेट झोपायलाच. हा प्रवास थांब्याचा असूनही उत्तम आहे. समोर असलेलं थेट विमान जर सकाळी दहाला सुटणारं असेल, तर त्यात पलंग असूनही शरीर झोपायला तयार नसतं. डोळा लागायला लागतो तेव्हा उतरायची वेळ झालेली असते. अशा वेळी मी बिनदिक्कत थांब्याचं तिकीट घ्यायला सांगेन. म्हणून प्रवास कुठे तुटतो ते बघा. टोकाला तुटत असेल तर चालेल. मध्यावर, भर रात्री तुटत असेल तर टाळा.

इथे एक सापळा आहे. तिकिटावर दोन्ही टप्प्यांसमोर ‘बिझनेस’ लिहिलेलं असतं, पण दोन्ही टप्प्यांत एकच वस्तू मिळते असं नाही. युरोपमधल्या बहुतेक कंपन्यांच्या छोट्या पल्ल्याच्या विमानांत बिझनेस क्लास म्हणजे इकॉनॉमीचीच तीन आसनांची रांग, फक्त मधली जागा रिकामी ठेवलेली आणि जेवण बरं. दोन तासांपुरतं ठीक आहे. पण अशी विमानं चार-पाच तासांच्या मार्गांवरही जातात आणि रात्रीचीही असतात. तेव्हा विमानाचा प्रकार आणि आसनांचा नकाशा दोन्ही टप्प्यांसाठी उघडून बघा. रांगेत एक, दोन, एक अशी मांडणी असेल तर प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येतं. दोन, दोन, दोन अशी असेल तर खिडकीपाशी झोपलेल्या माणसाला रात्री उठायचं म्हणजे शेजाऱ्याचे पाय ओलांडायचे. एकाच कंपनीची जुनी आणि नवी आसनं एकाच वेळी वापरात असतात. कतार एअरवेजने २०१७ मध्ये क्यूस्वीट नावाची, दार लावता येणारी खोलीवजा जागा आणली, पण त्यांच्या प्रत्येक विमानात ती नाही. आणि तिकीट एका कंपनीचं, विमान तिच्या भागीदाराचं, असंही सर्रास असतं. विमान प्रत्यक्षात कोण चालवतंय ती बारीक अक्षरांतली ओळ वाचल्याशिवाय पैसे भरू नका. थेट विमानात जुनी, अरुंद आसनं असतील आणि थांब्याच्या मार्गावर नवी, तर माझं मत पुन्हा थांब्याकडे झुकतं.

अतिलांब उड्डाणांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटस कंपनीने मार्च २०१८ मध्ये पर्थहून लंडनला थेट विमान सुरू केलं, साधारण सतरा तासांचं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिंगापूर एअरलाइन्सने न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला पुन्हा थेट सेवा सुरू केली, अठरा तासांहून अधिक वेळाची. त्यासाठीच्या खास एअरबस ए-३५० विमानात ६७ जागा बिझनेसच्या आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीच्या आहेत, साधी इकॉनॉमी नाहीच. एवढा वेळ एका नळीत बसायचं म्हटल्यावर हवेचा विचार करावाच लागतो. विमानाच्या आत दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. जुन्या रचनेच्या विमानांत तो आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका खाली जाऊ शकतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० यांत तो सहा हजार फुटांच्या आसपास राखला जातो, आणि आतली हवाही थोडी कमी कोरडी असते. डोकं जड होणं, घसा सुकणं याचा त्रास ज्यांना होतो त्यांनी तासांइतकंच विमानाच्या प्रकाराकडे लक्ष द्यावं.

दुसरी गोष्ट पायांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात असं आढळलं की, चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात तो मुळात लहान आहे, सहा हजारांत एक असा. बिझनेसचं तिकीट काढलं म्हणजे या धोक्यातून सुटका झाली असं समजू नका. न हलता पडून राहणंही वाईटच. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. मधल्या विमानतळावर अर्धा तास चालणं हा त्यांच्यासाठी थांब्याचा फायदाच ठरू शकतो.

बरं, जुन्या आठवणीवरही विसंबू नका. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश अनेक देशांच्या विमानांना बंद झालं. हेलसिंकीहून टोकियोला फिनएअरचं विमान पूर्वी साडेनऊ तासांत जायचं, ते आता तेरा तासांच्या आसपास घेतं. पाच वर्षांपूर्वी चांगला वाटलेला मार्ग आज तसाच असेल असं नाही.

आता थांब्याच्या प्रवासात घात कुठे होतो ते सांगते. दोन टप्पे एकाच आरक्षणात हवेत. यावर मी कुठलीही तडजोड सुचवणार नाही. एकाच आरक्षणात पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. युरोपीय संघाच्या नियमाखाली येणाऱ्या प्रवासात तर भरपाईसाठी उशीर अंतिम ठिकाणी पोचण्याच्या वेळेवरून मोजायचा, असं तिथल्या न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केलं. दोन वेगळी तिकिटं काढली की हे संरक्षण गेलं. सामान मध्येच ताब्यात घ्या, कदाचित त्या देशाचा व्हिसा लागेल, पुन्हा रांगेत उभे राहा, आणि दुसरं विमान निघून गेलं तर ते तिकीट वाया. वाचलेले पैसे असे एका दुपारी जातात.

दोन विमानांमधला वेळ किती असावा? विकणारी यंत्रणा किमान वेळ पाळते, पण तो धडधाकट, रस्ता माहीत असलेल्या माणसाला पुरेल इतकाच असतो. मी दोन ते तीन तास ठेवायला सांगेन. टर्मिनल बदलायचं असेल तर तीनच. टोकियोत नारिता आणि हानेडा, पॅरिसमध्ये शार्ल द गॉल आणि ऑर्ली हे वेगळे विमानतळ आहेत, एकातून दुसऱ्यात रस्त्याने किंवा रेल्वेने जावं लागतं. तिकीट कितीही स्वस्त असलं तरी असा प्रवास घेऊ नका. पुढचं विमान त्या दिवसातलं शेवटचं आहे का, हेही बघा. असेल तर एका तासाच्या उशिराने अख्खी रात्र जाते.

अमेरिकेत जाणाऱ्यांनी एक नियम पक्का ध्यानात ठेवावा. तिथे ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच पासपोर्टची तपासणी होते, सामान सहसा पट्ट्यावरून घ्यावं लागतं, कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्यावं लागतं. म्हणून थांबा अमेरिकेच्या आत असण्यापेक्षा बाहेर असलेला बरा. आयर्लंडमधलं डब्लिन आणि शॅनन, तसंच अबू धाबी इथे तर ही तपासणी विमानात चढण्याआधीच होते, आणि उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडता येतं. तिथला थांबा वेळ खातो खरा, पण पलीकडची लांबलचक रांग वाचवतो.

थेट विमानाचीही एक दुखरी बाजू आहे. अनेक मार्गांवर ते दिवसातून एकदाच असतं, काही मार्गांवर तर आठवड्यातून तीन-चारदा. ते रद्द झालं तर दुसऱ्या दिवशीच्या विमानात बिझनेसच्या जागा आधीच भरलेल्या असतात, आणि मग मागच्या भागात बसून जायचं की वाट पाहायची असा प्रश्न येतो. थांब्याच्या मार्गावर मोठ्या विमानतळावरून पुढे दिवसभरात अनेक विमानं असतील, तर सुटकेचे रस्ते जास्त असतात. उतरल्या दिवशीच शस्त्रक्रियेची वेळ, परीक्षा किंवा लग्न असेल, तर थेट असो की थांब्याचं, एक दिवस आधी पोचा. वाचवलेले तास दुसऱ्या दिवशी खरोखर उपयोगी पडणार नसतील, तर त्यांच्यासाठी जास्त पैसे देण्याची घाई नको. पहाटे पाचला पोचवणारं थेट विमान घेतलं आणि हॉटेलची खोली दुपारी मिळाली, तर ते तास तुम्ही लॉबीतच घालवता.

शेवटी परतीबद्दल. जाताना आणि येताना एकाच पद्धतीने प्रवास केला पाहिजे असं मुळीच नाही. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि पूर्वेकडे येताना रात्र आखूड होते. वरच्या वाऱ्यांच्या जोरामुळे पूर्वेकडचं विमान बहुतेकदा लवकरही पोचतं, म्हणजे झोपेचा तासभर आणखी कमी. परतीचं विमान जितकं आखूड, तितका त्यात तुटकपणा महाग पडतो. तेव्हा पूर्वेकडच्या रात्रीच्या प्रवासाला थेट विमान घ्या, आणि पैसे वाचवायचेच असतील तर ते पश्चिमेकडच्या दिवसाच्या प्रवासात, थांबा घेऊन वाचवा. तिकीट शोधताना दोन्ही दिशा वेगवेगळ्या बघा, पण आरक्षण मात्र एकत्र करा, कारण सुटं एकेरी तिकीट कित्येकदा जाण्यायेण्याच्या तिकिटाइतकंच महाग असतं.