वास सालीत, आंबटपणा रसात

लिंबाच्या केकला वास कमी आला की बहुतेक जण रस वाढवतात. केक आंबट होतो, सोडा असेल तर तोही बिघडतो, आणि वास होता तेवढाच राहतो. कारण वास रसात फारसा नसतोच. सालीच्या रंगीत थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात, तो तिथे असतो. लिंबाला लिंबाचा वास देणारं सिट्रल गवती चहातही भरपूर असतं, म्हणून गवती चहाला लिंबासारखा वास येतो. साल किसताना पांढऱ्या थराला लागलात की कडवटपणा आलाच.

लिंबा-संत्र्याचा हा वास बाजारात प्रामुख्याने तीन प्रकारांत मिळतो: साल दाबून काढलेलं शुद्ध तेल, ते अल्कोहोलमध्ये विरघळवलेला अर्क, आणि पाण्यात डिंकाच्या आधारे तेलाचे कण धरून ठेवलेलं इमल्शन. ‘इसेन्स’ लिहिलेली बाटली यांपैकी काहीही असू शकते, निव्वळ कृत्रिम वासही असू शकतो. म्हणून घटक वाचून घ्या. दिव्यात किंवा डिफ्यूजरमध्ये घालायला विकतात ते तेल स्वयंपाकात नको. बाटलीवर खाण्यायोग्य असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं.

२५० ग्रॅम मैद्याच्या केकला अर्क एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली. शुद्ध तेल असेल तर ८ थेंबांपासून सुरुवात करा. तेल थेट पिठात टाकू नका, एका जागी साचतं आणि तो घास जिभेला झोंबतो. बटर-साखर फेटतानाच त्यात घाला. स्निग्धात तेल सारखं पसरतं आणि ओव्हनच्या वाफेबरोबर उडूनही कमी जातं. नुसती किसलेली साल वापरत असाल तर ती साखरेत बोटांनी चोळा, साखर ओलसर आणि सुगंधी होईपर्यंत.

वितळलेल्या चॉकलेटमध्ये मात्र फक्त तेलच. अर्क किंवा इमल्शनमधल्या थोड्याशा ओलाव्यानेही चॉकलेट एकदम घट्ट, दाणेदार होतं. मेरिंगचं बरोबर उलट: अंड्याच्या पांढऱ्याचा फेस तेलाने बसतो, तिथे अर्क घ्या आणि तोही फेस पूर्ण चढल्यावर.

नागपुरी संत्रा बर्फीसारखी बर्फी घरी करताना खव्यात रस ओतू नका. पाणी वाढतं, परतणं लांबतं, बर्फी चिकट राहते. अर्धा किलो खवा साखरेसह परतून गॅस बंद करा. कढईतलं मिश्रण सोसवेल इतकं कोमट झालं की चमचाभर पातळ तुपात संत्र्याच्या तेलाचे ४ थेंब कालवून घाला. इथे भाजायचं नसतं, म्हणून केकपेक्षा प्रमाण कमी. हलका आंबटपणा हवा असेल तर घट्ट आटवलेला गर वेगळा घाला. तेलाने आंबटपणा येत नाही.

ही तेलं हवेने बिघडतात. टर्पेंटाइनसारखा वास आला की बाटली टाकून द्या, प्रमाण कमी करून चालवू नका. गडद काचेची, घट्ट झाकणाची बाटली फ्रिजमध्ये ठेवा. थर्माकोलच्या वाटीत तेल मोजू नका. या तेलांतला मुख्य घटक, लिमोनिन, थर्माकोल विरघळवतो.