पाककृतींचे पहिले पुस्तक निवडताना

श्रोतेहो, नमस्कार. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घर सोडून परगावी राहायला गेलेल्या मुलामुलींना काही महिन्यांतच डब्याचा कंटाळा येतो, मग एक शेगडी आणि चार भांडी जमवली जातात, आणि आईला रोज किती वेळा फोन करायचा या संकोचापायी पाककृतींचे एखादे पुस्तक विकत घ्यावे असा विचार मनात येतो. त्या पहिल्या पुस्तकाची निवड कशी करावी, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

माझ्या स्वतःच्या फजितीपासून सुरुवात करतो. खोलीवर राहत असताना एका एकादशीला मी पुस्तकात पाहून साबुदाण्याची खिचडी करायला घेतली. पुस्तकात पहिलीच ओळ होती, साबुदाणा धुऊन भिजत घालावा. मी तो पातेलेभर पाण्यात रात्रभर भिजवला आणि सकाळी कढईत जो लगदा तयार झाला, तो उलथन्यासकट उचलला जात होता. लिहिणाऱ्याची चूक एवढीच, की पाणी किती ठेवायचे हे सांगण्यासारखे आहे असे त्यांना वाटलेच नाही. साबुदाणा धुतल्यावर दाणे जेमतेम बुडतील एवढेच पाणी ठेवून तो चार-पाच तास झाकून ठेवावा, आणि दाणा दोन बोटांत दाबल्यावर मधे कण न लागता चुरडला गेला तर तो भिजला असे समजावे, हे ज्या पुस्तकात लिहिलेले असते ते नवशिक्यासाठी लिहिलेले असते. म्हणून दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर पनीरची छायाचित्रे पाहण्याऐवजी आपल्या घरी नेहमी होणारा एखादा साधा पदार्थ शोधून ते पान नीट वाचावे. पोह्यांच्या कृतीत जाडे पोहे की पातळ, ते पाण्यात बुडवून ठेवायचे की चाळणीत धुऊन निथळायचे, एवढे जरी सापडले नाही, तरी पुढच्या शाही पदार्थांवर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

मापांचा प्रश्न जरा विस्ताराने सांगायला हवा. जुन्या मराठी पाकपुस्तकांत शेर, पावशेर आणि तोळे अशी मापे असत. 80 तोळ्यांचा शेर म्हणजे आजचे सुमारे 933 ग्रॅम, त्यामुळे रद्दीच्या दुकानात अशी जुनी प्रत मिळाली तर ती आनंदाने घ्यावी, पण स्वयंपाक शिकण्यासाठी नव्हे. 1970 साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले आणि त्यात वाटी व चमचा ही घरातलीच मापे वापरलेली होती. ज्या घरात तराजू नाही तिथे हे सोयीचे तर होतेच, शिवाय त्यामागे साधे गणितही आहे: एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी म्हटले, की वाटी लहान असो वा मोठी, प्रमाण तेच राहते. मात्र त्याच कृतीत पाव किलो बटाटे आणि दोन वाट्या बेसन असे दोन तऱ्हांचे माप एकत्र आले, की वाटी केवढी हे सांगावेच लागते. आमच्या घरातल्या आमटीच्या वाटीत दीडशे मिलिलिटर पाणी मावते आणि बाजारात मिळणाऱ्या मापाच्या कपात 240. केकच्या पिठात एवढा फरक पडला तर केक फसतो. चमच्याचेही तसेच आहे. चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा आणि टेबलस्पून पंधरा मिलिलिटरचा, म्हणजे तिखट घालताना चमचा कोणता हे कळले नाही तर रस्सा तिप्पट झणझणीत होऊ शकतो. चांगल्या पुस्तकात सुरुवातीलाच आपली वाटी आणि आपला चमचा केवढा, हे सांगून टाकलेले असते.

आचेविषयीही पुस्तक बोलते की नाही ते पाहावे. कुकरच्या तीन शिट्ट्या कराव्यात एवढ्याने काम भागत नाही, कारण शिट्टी किती लवकर होते हे कुकरच्या आकारावर, आतल्या पाण्यावर आणि गॅसच्या आचेवर अवलंबून असते. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून किती मिनिटे ठेवायचे, हे सांगितलेले जास्त उपयोगी पडते. फोडणीच्या बाबतीत तर घड्याळाचा उपयोगच नसतो. तेल पुरेसे तापले नसेल तर मोहरी नुसतीच तळाशी पडून राहते आणि दाताखाली कच्ची लागते, आणि ती तडतडल्यावर जिरे घालून मग हळदीची शोधाशोध करत बसलो तर तोवर जिरे करपते. म्हणूनच हिंग, हळद, कढीपत्ता हाताशी काढून ठेवल्यावरच गॅस पेटवावा, असे वाक्य ज्यांनी लिहिले त्यांनी कोणाला तरी शेजारी उभे करून शिकवलेले असणार, असे मला नेहमी वाटते.

मसाल्यांचेही एक कलम आहे. आमटीला गोडा मसाला, माशाच्या कालवणाला मालवणी, कोल्हापूरकडच्या रश्शाला कांदा-लसूण मसाला, हे आपल्याला ओघाने माहीत असते. पण नुसते ‘मसाला दोन चमचे’ असे लिहिलेले पुस्तक नागपूरच्या वाचकाला एक चव देते आणि सावंतवाडीच्या वाचकाला दुसरीच.

बाकी गोष्टी थोडक्यात. कृती किती माणसांसाठी आहे ते लिहिलेले असावे, कारण एकट्याने राहणाऱ्याला सहा जणांची उसळ दोन दिवस संपत नाही. हजार पाककृतींपेक्षा शंभर नीट समजावलेल्या बऱ्या. शेवटी पदार्थांची सूची असावी आणि पुस्तक ओट्यावर उघडे ठेवल्यावर आपोआप मिटू नये. आणि दुकानदार घाई करत असला, तर एवढेच करा: साबुदाण्याच्या खिचडीचे पान उघडा आणि पाणी किती ते लिहिले आहे का पाहा.