रिकामा राहिलेला 'सी'

[दृश्य: रिकामं स्टेडियम. बर्फ सपाट करणारी गाडी संथ फेऱ्या मारते आहे.]

8 फेब्रुवारी 2018. न्यूयॉर्क रेंजर्स या आइस हॉकी संघाने आपल्या चाहत्यांच्या नावे एक पत्र काढलं. खाली दोन सह्या होत्या, अध्यक्ष ग्लेन सादर आणि जनरल मॅनेजर जेफ गॉर्टन यांच्या. आता आम्ही तरुण, वेगवान खेळाडू आणणार आहोत, आणि त्यासाठी तुमच्या ओळखीचे, तुमच्या जिव्हाळ्याचे काही चेहरे कदाचित जातील, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

मोसम चालू असताना, सामने बाकी असताना असं तोंडावर सांगायला धाडस लागतं. या प्रामाणिकपणाबद्दल मला त्या दोघांविषयी आजही आदर वाटतो. पुढे त्यांनी घेतलेले सगळेच निर्णय मात्र पटत नाहीत.

2011 ते 2017, सलग सात मोसम रेंजर्स प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, होते. 2014 मध्ये तर अंतिम फेरीत पोहोचले आणि लॉस एंजेलिस किंग्जकडून हरले. विजेतेपदाचा स्टॅनली कप शेवटचा हातात आला होता तो 1994 मध्ये. आता संघ दमला होता. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये पगाराला कमाल मर्यादा असते. त्या मोसमात ती संघामागे साडेसात कोटी डॉलर होती. नावाजलेल्या खेळाडूंचे पगार त्यातला मोठा घास घेतात. ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, आलेला विशीतला पोरगा मात्र पहिली काही वर्षं कमी पैशांत खेळतो. म्हणून घसरणीला लागलेला संघ अनुभवी माणसं देतो आणि त्यांच्या बदल्यात होतकरू पोरं आणि ड्राफ्टचे हक्क, म्हणजे त्या निवडीतल्या पाळ्या, घेतो.

[दृश्य: ड्रेसिंग रूम. खुंटीवरून काढलेली जर्सी.]

पत्रानंतर तीन आठवड्यांच्या आत दोन मोठे सौदे झाले.

25 फेब्रुवारीला रिक नॅश बोस्टनला गेला. वय 33, करार त्याच उन्हाळ्यात संपणारा. बदल्यात इतरांबरोबर रायन लिंडग्रेन हा तरुण बचावपटू आला आणि पहिल्या फेरीचा एक हक्क मिळाला. तो हक्क आणि आणखी एक असे दोन देऊन रेंजर्सनी 22 व्या क्रमांकावर के'आंद्रे मिलरला घेतलं. नॅशला मेंदूच्या दुखापतीने ग्रासलं आणि पुढच्याच जानेवारीत त्याने निवृत्ती घेतली. लिंडग्रेन आणि मिलर मात्र न्यूयॉर्कच्या बचावफळीचे खांब झाले.

दुसऱ्याच दिवशी कर्णधार रायन मॅकडोना टँपा बे लायटनिंगकडे गेला. सोबत 24 वर्षांचा जे. टी. मिलर. बदल्यात तीन खेळाडू आले आणि ड्राफ्टचे हक्क. त्यांतला एकही न्यूयॉर्कमध्ये मुळं धरू शकला नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. नॅश आणि मॅकडोना या दोघांनाही 'अनुभवी' म्हणून एकाच रांगेत उभं केलं गेलं, पण दोघांची गोष्ट एक नव्हती. नॅशचा करार संपत आला होता, शरीर थकलं होतं. त्याला पाठवणं योग्यच होतं. मॅकडोना 28 वर्षांचा होता, करार आणखी एक मोसम शिल्लक होता. बचावपटूची खरी समज याच वयात येते. येणाऱ्या पोरांना शेजारी उभं करून शिकवायला असाच माणूस लागतो. टँपाने त्याच्यासह 2020 आणि 2021 असे लागोपाठ दोन स्टॅनली कप जिंकले. न्यूयॉर्कने कर्णधाराचा 'सी' त्याच्यानंतर चार वर्षं कुणाच्याही जर्सीवर शिवला नाही.

[दृश्य: काचेवर आदळणारा पक, म्हणजे खेळातली रबरी चकती. आवाज.]

आता मॅट्स झुकारेलोविषयी थोडं थांबून सांगायला हवं. नॉर्वेचा हा बुटका खेळाडू. ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नव्हतं. एप्रिल 2015 मध्ये, पिट्सबर्गविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात मॅकडोनाने, म्हणजे स्वतःच्याच संघातल्या मित्राने मारलेला फटका त्याच्या डोक्यावर बसला. कवटीला चीर गेली, मेंदूला मार लागला. काही दिवस त्याला बोलता येत नव्हतं. तरी ऑक्टोबरमध्ये तो बर्फावर परत आला आणि त्याच महिन्यात टोरंटोविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली.

फेब्रुवारी 2019 मध्ये त्यालाही डॅलसला पाठवलं. त्या रात्री पत्रकारांशी बोलताना गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्टचा गळा दाटून आला. इतकी वर्षं गोलपोस्टमध्ये डोंगरासारखा उभा राहिलेला माणूस, आणि त्याला शब्द फुटेनात. डॅलसकडून पहिल्याच सामन्यात झुकारेलोने गोल केला, आणि त्याच सामन्यात पक अडवताना त्याचा हात मोडला.

लुंडक्विस्ट स्वतः जागचा हलला नाही. चषक अजून हाती लागला नव्हता, तरी त्याला न्यूयॉर्कच हवं होतं. जानेवारी 2020 मध्ये इगोर शेस्टरकिन त्याच्या जागी उभा राहिला. सप्टेंबरमध्ये संघाने लुंडक्विस्टचा उरलेला करार पैसे चुकते करून संपवला. पुढे हृदयाचं दुखणं, शस्त्रक्रिया, निवृत्ती. 28 जानेवारी 2022 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या छताला त्याचा 30 क्रमांक चढला, तेव्हा समोरचा संघ होता मिनेसोटा, आणि त्या संघाच्या जर्सीत झुकारेलो.

[दृश्य: स्कोअरबोर्ड. जून 2022.]

त्याच मोसमात पोरं मोठी झाली. रेंजर्सनी ईस्टर्न कॉन्फरन्सची, म्हणजे लीगच्या पूर्व गटाची, अंतिम फेरी गाठली आणि टँपाविरुद्ध पहिले दोन्ही सामने जिंकले. मग सलग चार हरले आणि बाहेर पडले. रेंजर्सकडून लिंडग्रेन आणि के'आंद्रे मिलर बचाव करत होते. समोर टँपाच्या बचावात पाय रोवून उभा होता मॅकडोना.

आणि तो जे. टी. मिलर, ज्याला 24 व्या वर्षी दिला होता? टँपानंतर व्हँकूव्हरमध्ये त्याने एका मोसमात 99 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) कमावले. 31 जानेवारी 2025 ला रेंजर्सनी त्याला परत आणला. त्यासाठी फिलिप खितिल द्यावा लागला. खितिलला रेंजर्सनी स्वतःच 2017 च्या पहिल्या फेरीत निवडलं होतं. शिवाय आणखी एक तरुण बचावपटू आणि पहिल्या फेरीचा एक हक्कही गेला. परतला तेव्हा मिलर 31 वर्षांचा होता. त्याच सप्टेंबरमध्ये त्याच्या जर्सीवर 'सी' शिवला गेला.