खिडकी का लावली?

नमस्कार श्रोतेहो. घरात मारहाण झाली की आपण बाईविषयीच बोलतो, तिने कुठे जावं, कुणाला सांगावं. आज मी मारणाऱ्याविषयी बोलणार आहे.

माझी एक मैत्रीण समुपदेशक आहे. तिच्याकडे कोर्टाने डिचोलीकडचा एक सुतार पाठवला. कामाला चोख, बोलायला नम्र. त्याचं एकच पालुपद, "बाई, राग आला की मला काही सुचत नाही." तिने वाद घातला नाही. म्हणाली, "त्या रात्री दारातून आत आल्यापासून सगळं सांगा." तो सांगू लागला. चपला काढल्या, हातपाय धुतले, पाटावर बसला. ताटातलं हुमण गार होतं. तो उठला, रस्त्याकडची खिडकी लावली, टीव्हीचा आवाज वाढवला.    आणि बायकोला मारलं.

मैत्रिणीने विचारलं, "काही सुचत नव्हतं, मग खिडकी का लावली?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "समोरच्या ओसरीवर काका बसतात."

ऐकलंत? काकांची भीड होती, बायकोची नव्हती. पुन्हा सांगते, काकांची भीड होती. म्हणजे राग आवरता येत होता.

अमेरिकेत डुलुथ शहरात १९८१ मध्ये सुरू झालेल्या कामातून अशा पुरुषांचे वर्ग पसरले. तिथे नुसता राग गिळायला शिकवत नाहीत. घरात धाक कसा बसवला, तो कशासाठी, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतात. कॅलिफोर्नियात अशा गुन्ह्यात प्रोबेशन मिळालं, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर बाहेर राहू दिलं, तर किमान वर्षभर, दर आठवड्याला दोन तास अशा वर्गात बसावं लागतं. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचं कलम १४ आहे. त्याखाली मॅजिस्ट्रेट नवऱ्याला एकट्यालाही समुपदेशनाला पाठवू शकतात. एकट्यालाही, हे लक्षात ठेवा. नवऱ्याशेजारी बसून बायको खरं कशी बोलणार?

त्या सुताराचा हात थांबला. पण बायकोला वेगळं बोलावून विचारलं, तेव्हा कळलं की त्याने घरखर्चाचे पैसे बंद केले होते. मैत्रिणीने त्याचे वर्ग पुढे चालू ठेवले. सुधारला की नाही, हे त्याच्या हजेरीवरून ठरवू नये, त्याच्या बायकोला विचारून ठरवावं.

तुमच्या वाड्यावर अशी खिडकी लागत असेल, तर महिलांसाठीची हेल्पलाइन आहे १८१. एक, आठ, एक. आणि आत्ता, या क्षणी मारहाण चालू असेल तर ११२.